बोल्टाचं डोकं चकाचक होतं

सगळी भानगड एका बोल्टापासून सुरू झाली. आमच्या छोट्या लाकडी जेटीवर उभा राहून होडीचा दोर सोडत होतो आणि पायाखालची फळी हलली, फार नाही, बोटभर. ओहोटी होती म्हणून खाली उतरून बघितलं तर खांबाला आडवी तुळई जिथे जोडलीये तिथला एक बोल्ट जरासा पुढे आलेला. डोकं एकदम चकाचक, कालच बसवल्यासारखं. म्हटलं ढिला झाला असेल, पाना लावून आवळू, म्हणून आधी हाताने चाचपला तर बोल्ट हातातच आला. म्हणजे अर्धा आला, उरलेला अर्धा लाकडात. १२ एमएमचा बोल्ट, पण जिथून तुटला तिथे जेमतेम काडीपेटीतल्या काडीएवढी जाडी उरलेली, कडेने उंदराने कुरतडल्यासारखे खड्डे, त्यांना काळा चिकट थर आणि कुजक्या अंड्यासारखा वास. डोक्याकडचा भाग मात्र एवढा स्वच्छ की त्यात तोंड दिसावं.

आणि हे स्टेनलेस होतं बरं का. मी स्वतः हौसेने बसवलेलं.

आता आधीचं सांगतो. जेटी बांधली तेव्हा आम्ही साधे जस्ताच्या पॉलिशचे बोल्ट लावले होते, ते पिवळट चमकणारे मिळतात ते. पहिलाच पावसाळा संपता संपता त्यांच्यावर पांढरी भुकटी आली, मग भगवे डाग, मग लाकडावरून खाली ओघळलेले गंजाचे पट्टे. तेव्हा मला माहीतच नव्हतं की जस्ताचा मुलामा दोन प्रकारचा असतो. एक विजेने चढवलेला, ज्याची जाडी साधारण ५ ते १२ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), म्हणजे दिसायला छान पण पातळ. दुसरा म्हणजे वितळलेल्या जस्तात, साधारण ४५० डिग्रीला, बोल्ट बुडवून काढतात तो, त्याला आपण गरम गॅल्वनाइज्ड म्हणतो, त्याची जाडी ५० मायक्रॉनच्या आसपास. खाऱ्या हवेत जस्त दर वर्षाला काही मायक्रॉन झिजतंच, झिजणं हेच त्याचं काम आहे, स्वतः जातं आणि लोखंडाला वाचवतं, त्यामुळे मुलामा किती जाड यावरच सगळं ठरतं. पातळवाला समुद्रावर म्हणजे नुसता मेकअप.

ते सगळे काढले आणि रागारागाने स्टेनलेस आणलं. डोक्यात एवढंच होतं की स्टेनलेस म्हणजे गंजत नाही, विषय संपला. कुठलं स्टेनलेस, कुठे लावायचं, कशाला टेकणार, काही विचार नाही. चार वर्षं काढली त्या बोल्टांनी आणि मग हा तुकडा हातात.

या वेळी ठरवलं की दुकानात नंतर जायचं, आधी जेटीच नीट बघायची. एका मोठ्या ओहोटीला मिस्त्रींना घेऊन उतरलो. तीन वेगवेगळ्या उंचीवरचे सहा बोल्ट काढायचे ठरवले, प्रत्येकावर खडूने नंबर घातला, काढलेला बोल्ट त्याच नंबरच्या डब्यात. मिस्त्री म्हणाले, "भाऊ, हे काय पोस्टमॉर्टेम चाललंय?" म्हटलं मिस्त्री, तेच समजा.

पण त्या डब्यांनी सगळं सांगितलं. फळ्यांच्या खालचे, पाण्यापासून बरेच वर असलेले बोल्ट, त्यांच्या डोक्यावर चहा सांडल्यासारखे तपकिरी डाग, पण पुसल्यावर खाली धातू ठणठणीत. भरती-ओहोटीच्या पट्ट्यातले बोल्ट, जिथे दिवसातून दोनदा पाणी चढतं उतरतं आणि वर लाटांचे शिंतोडे, ते बाहेरून डागाळलेले आणि वायसरच्या खाली बारीक टोचे पडलेले. आणि सगळ्यात खालचे, जवळपास कायम पाण्याखाली असणारे, ते बाहेरून सर्वात स्वच्छ आणि आतून सर्वात खाल्लेले. माझा मोडलेला बोल्ट याच ओळीतला.

हे उलटं कसं झालं ते कळायला मला बराच वेळ लागला. स्टेनलेस टिकतं ते त्याच्या अंगावरच्या क्रोमियमच्या ऑक्साइडच्या एका अतिशय पातळ पापुद्र्यामुळे, आणि त्या पापुद्र्याला दुरुस्त व्हायला ऑक्सिजन लागतो. ओरखडा पडला की हवेत किंवा खेळत्या पाण्यात तो आपोआप परत भरतो. पण लाकडातल्या भोकात, वायसरच्या खाली, आट्यांच्या फटीत पाणी अडकून पडतं, त्यातला ऑक्सिजन संपतो, मिठातलं क्लोराइड साठत जातं, पाणी आंबट होतं आणि पापुद्रा एकदा फाटला की फाटलाच. समुद्राच्या पाण्यात लिटरला साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं, त्यामुळे क्लोराइडला काही तोटा नाही. म्हणजे साधं लोखंड दिसतं तिथे गंजतं, आणि हे दिसत नाही तिथे खातं. वरून बघून तपासणी केली या माझ्या चार वर्षांच्या समाधानाला काडीचा अर्थ नव्हता.

मग धातूंचा अभ्यास सुरू केला. माझे जुने बोल्ट बहुतेक ३०४ जातीचे निघाले, बोल्टाच्या भाषेत ए२. त्यात साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल. ३१६ म्हणजे ए४ मध्ये वरून २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं आणि तेवढ्याशा मॉलिब्डेनमने क्लोराइडपुढे टिकायची ताकद चांगलीच वाढते. लोक या ताकदीचा एक आकडा काढतात, टक्क्यांमध्ये क्रोमियम अधिक मॉलिब्डेनमच्या ३.३ पट अधिक नायट्रोजनच्या १६ पट. ३०४ चा हा आकडा १८ ते २० च्या घरात येतो, ३१६ चा २४-२५, २२०५ नावाच्या डुप्लेक्स स्टेनलेसचा ३५ च्या आसपास आणि सुपर डुप्लेक्सचा ४० च्या वर. कायम समुद्राच्या पाण्यात आणि तेही फटीत ठेवायचं तर ४० च्या वरचंच धरा असं म्हणतात. म्हणजे ज्या ३१६ ला सगळे "मरीन ग्रेड" म्हणून डोक्यावर घेतात ते पाण्याच्या वर आणि शिंतोड्यांत चांगलं, पण पाण्याखाली लाकडाच्या भोकात त्याचाही भरवसा नाही. हे वाचून मी जरा हबकलोच, कारण सगळीकडे ३१६ ठोकायचं असं मनात पक्कं केलेलं होतं.

पाण्याखाली मग काय? टायटॅनियमला समुद्राचं पाणी काही करत नाही, पण ते माझ्या ऐपतीतलं नाही, विषय तिथेच थांबला. मोनेल, म्हणजे दोन तृतीयांशच्या आसपास निकेल आणि बाकी बरंचसं तांबं, उत्तम, पण हव्या त्या मापात मिळेना. उरलं सिलिकॉन ब्रॉन्झ. हे ९५-९६ टक्के तांबं, ३ टक्क्यांच्या आसपास सिलिकॉन, थोडं मँगनीज. लाकडी होड्यांमध्ये हे पूर्वापार चालत आलंय. स्टेनलेसपेक्षा मऊ, जास्त आवळलं तर डोकं पिळून निघतं, पण फटीत अडकलेल्या पाण्याने त्याला असे टोचे पडत नाहीत. इथे पितळ आणि ब्रॉन्झ यात घोटाळा करू नका, दोन्ही पिवळसरच दिसतात. पितळेतलं जस्त समुद्राच्या पाण्यात निघून जातं आणि मागे गुलाबी, ठिसूळ, स्पंजासारखं तांबं उरतं. माझ्याकडे एक जुना पितळी स्क्रू होता, चिमट्याने दाबला तर बिस्किटासारखा तुटला.

खरं तर मिस्त्रींनी एका वाक्यात अर्धा प्रश्न सोडवला. म्हणाले, "पाण्याखाली बोल्ट पाहिजेच कशाला? कैची वर घ्या ना." कैची म्हणजे खांबांना धरणारा तिरपा आधार. मी इतके दिवस धातूच शोधत बसलो होतो. आम्ही तिरप्या कैच्यांची खालची टोकं शक्य तिथे ओहोटीच्या रेषेच्या वर उचलली आणि पाण्याखालचे जोड चौदावरून चारावर आणले. त्या चारांना सिलिकॉन ब्रॉन्झ. बास.

आता माझी सर्वात मोठी चूक, जी डब्यातले बोल्ट बघेपर्यंत मला चूक वाटलीच नव्हती. स्टेनलेस बोल्ट आणले तेव्हा मोठे वायसर कमी पडले म्हणून घरातलेच जुने जस्ताच्या पॉलिशचे वायसर काही ठिकाणी लावले होते. वायसरच तर आहे. डबा नंबर ३ मध्ये बोल्ट निघाला, नट निघाला, आणि वायसरच्या जागी निघाली तपकिरी चुरा झालेली एक गोल कड, हात लावला तर झडून गेली. तिथला जोड ढिला झाला होता तो त्यामुळे, वायसर विरघळलं आणि तेवढी जागा मोकळी झाली.

दोन वेगळे धातू एकमेकांना टेकले आणि दोघांना खारं पाणी लागलं की बॅटरी तयार होते, आणि त्या बॅटरीत दोघांतला जास्त सहज झिजणारा धातू खर्ची पडतो. ही रांग लक्षात ठेवली मी: जस्त, अ‍ॅल्युमिनियम, लोखंड, मग तांब्याची मंडळी, मग पापुद्रा शाबूत असलेलं स्टेनलेस, टायटॅनियम. रांगेत जेवढं अंतर जास्त तेवढा पुढचा लवकर जातो. पण अंतराएवढंच महत्त्वाचं म्हणजे कोण किती मोठा. छोटा जस्ताचा तुकडा आणि शेजारी मोठं स्टेनलेस, तर जस्ताचा फडशा. उलट मोठी गॅल्वनाइज्ड पट्टी आणि तिच्यात छोटा स्टेनलेस बोल्ट, तर नुकसान मोठ्या अंगावर वाटलं जातं, चालून जातं, तरी बोल्टाभोवतीचं जस्त लवकर उडतं. माझ्या वायसरांचं पहिल्या प्रकारात मरण होतं.

ही गोष्ट माणसाला फार आधी कळलीये. १७६१ मध्ये ब्रिटिश नौदलाने एचएमएस अलार्म या जहाजाच्या तळाला तांब्याचे पत्रे ठोकले, लाकूड पोखरणाऱ्या किड्यांपासून वाचवायला. दोनेक वर्षांनी जहाज तपासलं तर ते पत्रे धरून ठेवणारे लोखंडी खिळे पार खाऊन गेलेले. काही खिळे मात्र शाबूत होते, आणि ते का, तर पत्रे ज्या खाकी कागदात गुंडाळून आले होते तो कागद तिथे काढायचा राहून गेला होता आणि त्याने लोखंड तांब्यापासून वेगळं ठेवलं. कामचुकारपणाने वाचवलेले खिळे! मला हे वाचून फार बरं वाटलं, कारण माझी चूक अडीचशे वर्षं जुनी निघाली.

तांब्यावरून आठवलं. आमच्या नव्या तुळया किडीपासून वाचवायला तांब्याच्या क्षाराने प्रक्रिया केलेल्या आहेत, हिरवट दिसतात त्या. म्हणजे लाकडातच तांबं आहे आणि ते ओलं. पातळ जस्ताचा बोल्ट अशा लाकडात घातला तर समुद्र लांबच राहिला, लाकूडच त्याला खातं. त्यात गरम गॅल्वनाइज्ड किंवा स्टेनलेसच घालायचं, आणि अ‍ॅल्युमिनियम थेट टेकवायचं नाही. आमच्या शिडीचे अ‍ॅल्युमिनियमचे पाय तिथेच टेकत होते, मध्ये जाड प्लास्टिकची पट्टी घातली.

तर शेवटी जे ठरलं ते असं. वरच्या फळ्यांना ३१६ चे स्क्रू, कारण तिथे अनवाणी पाय पडतात, गंजलेलं डोकं नको. तुळया आणि खांब जोडायला जिथे लोखंडी कोन आणि पट्ट्या आहेत तिथे कोन, बोल्ट, नट, वायसर सगळं गरम गॅल्वनाइज्ड, एकाच घरातलं. जिथे लाकडाला लाकूड भिडतं आणि मध्ये दुसरा धातू नाही तिथे ३१६ चे बोल्ट, वायसर आणि नटही ३१६. पाण्याखाली ते चार ब्रॉन्झ, त्यांच्या आसपास गॅल्वनाइज्डचा कुठलाही तुकडा टेकू द्यायचा नाही. एक धातू सगळीकडे हा हट्ट सोडला आणि काम सोपं झालं.

खरेदी वेगळीच गंमत. दुकानदाराने खिशातून लोहचुंबक काढलं, बोल्टाला लावलं, चिकटलं नाही, "बघा, ३१६." आता हे काही खरं नाही. ३०४ पण मुळात चुंबकाला चिकटत नाही, आणि थंड असताना ठोकून घडवलेला बोल्ट ३१६ असला तरी किंचित ओढ दाखवू शकतो. चुंबकाने साधं लोखंड बाजूला काढता येतं, ३०४ आणि ३१६ यातला फरक त्याला कळत नाही. मी डोक्यावरचा शिक्का बघितला. ए४-७० किंवा ए४-८० लिहिलेलं हवं, त्यातलं ए४ म्हणजे ३१६ चं घराणं आणि ७० म्हणजे किमान ७०० मेगापास्कल ताण सोसायची ताकद, ८० म्हणजे ८००. ज्यांच्या डोक्यावर काहीच नव्हतं ते परत केले. शिवाय थेंब टाकून मॉलिब्डेनम आहे का ते दाखवणारं किट मिळतं, ते आणून प्रत्येक खोक्यातला एकेक बोल्ट तपासला, आणि एका खोक्यात शिक्का ए४ चा पण थेंबाला दाद नाही असे निघाले. दुकानदार म्हणाला असं होऊच शकत नाही. मी म्हटलं मग तुम्हीच टाकून बघा. टाकला, आणि खोकं गप परत घेतलं.

गॅल्वनाइज्डमध्ये पण एक गंमत आहे. जाड जस्तामुळे बोल्टाचे आटे फुगतात, त्यामुळे त्याच्या नटाचे आटे मुद्दाम सैल कापलेले असतात. साधा नट त्यावर चढतच नाही. आणि तो सैल नट साध्या बोल्टावर घातला तर खुळखुळतो, भार आला की आटे सोडतो. मी दोन्ही पिशव्या जेटीवर एकत्र ओतल्या होत्या, अर्धा दिवस जोड्या लावण्यात गेला. पिशवीतून जोडीनेच बाहेर काढायचे, शहाणपण उशिरा आलं.

बसवताना पहिल्याच दिवशी एक ३१६ चा बोल्ट जाम झाला. मी मशीनवाला पाना लावला, घर्रर्र केलं, अर्ध्यात थांबला, ना पुढे ना मागे. स्टेनलेसवर स्टेनलेस जोरात घासलं की पापुद्रा निघतो आणि आटे वेल्डिंग केल्यासारखे एकमेकांना धरतात. पुढे जोर लावला तर बोल्टच पिळून तुटतो. ग्राइंडरने कापावा लागला. त्यानंतर प्रत्येकाच्या आट्यांना जाम न होण्याची पेस्ट चोपडली आणि हाताने, सावकाश, थांबत थांबत आवळले. हात काळे झाले, पण पुढचे साठ बोल्ट एकही अडकला नाही.

बारीकसारीक कामं बरीच होती, सगळी सांगत बसत नाही. भोक पाडलं की उघड्या पडलेल्या लाकडावर रसायन परत लावायचं, नाहीतर आतला भाग किड्यांना मोकळा. वायसर मोठे घ्यायचे, कारण लाकूड फुगतं आणि आकसतं आणि छोटं वायसर त्यात रुतून बसतं. आणि साध्या लोखंडाचा तारेचा ब्रश स्टेनलेसवर चुकूनही मारायचा नाही, त्याचे कण चिकटून बसतात आणि तेच गंजतात, मग आपण म्हणतो बोल्ट खोटा निघाला. मी मारला होता. जुने डाग त्यातलेच किती होते कोण जाणे.

पहिल्या कोरड्या हंगामानंतर लाकूड आकसलं आणि जवळपास प्रत्येक नट पाव ते अर्धा फेरा ढिला निघाला, सगळे परत आवळले. अधूनमधून गोड्या पाण्याचा पाइप मारतो वरच्या डोक्यांवर, चहाचे डाग कमी येतात.

एक गोष्ट मात्र मुद्दाम केली. भरतीच्या पट्ट्यात एक जादा बोल्ट घातलाय, ज्याच्यावर काही भार नाही, फक्त काढून बघायला. दर वर्षी ओहोटीला तो काढायचा, कारण डोकं बघून काही कळत नाही हे आता पक्कं माहीत आहे. या वर्षी काढला. वायसरच्या खाली तपकिरी झाक, एका बाजूला सुईच्या टोकाएवढे दोन टोचे, आणि लाकडातला सगळा दांडा गुळगुळीत. टोचे कुठे आहेत ते वहीत चित्र काढून ठेवलं, पेस्ट लावली, परत घातला. आवळता आवळता पाना हातातून सटकला आणि चिखलात गेला. दुसऱ्या दिवशीच्या ओहोटीला सापडला तेव्हा त्याच्या जबड्यावर, जिथली क्रोमची पॉलिश उडाली होती तिथे, भगवा रंग चढायला लागला होता.